पिवळं सोयाबीन, गुलाबी गाठी आणि वाफसा

काळी_आई
२४ जुलै, रात्री ९.४०

नऊ दिवसांची झड परवा उघडली. काल ऊन पडल्यावर मी आणि अण्णा रानात गेलो. वरच्या अंगाचं सोयाबीन हिरवंगार, आणि खालच्या अंगाला जिथं पाणी तुंबतं तिथं जवळजवळ दोन एकर पिवळं. बी एकाच पिशवीतलं, पेरणी एकाच दिवसाची, खत तेच. अण्णा बांधावरूनच म्हणाले, "उद्या युरियाचं पोतं आणून फेकू." शेजारच्या रानात तेच चाललं होतं. मी म्हटलं, वाफसा येईपर्यंत थांबा. त्यावरून संध्याकाळभर घरात बोलणं झालं. लातूर-बीड-परभणीकडच्या कितीतरी घरांत सध्या हेच बोलणं चालू असेल, म्हणून इथं मांडते.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकले आणि सहा वर्षं घरची शेती बघते आहे. माझं म्हणणं एवढंच, की त्या पिवळ्या पट्ट्यातलं नत्र (नायट्रोजन) पिकाने खाल्लेलं नाही. मातीतल्या जिवाणूंनी ते आभाळात परत पाठवलंय. रान चिंब असताना वरून टाकलेला युरियाही त्याच वाटेने जाईल.

दोन्हीकडचं एकेक रोप खुरप्याने ढेकळासकट काढलं आणि मुळं बादलीत भिजवली. नुसतं उपटलं तर गाठी मातीतच राहतात, म्हणून ढेकूळ हवं. वरच्या रोपाच्या मुख्य मुळावर ज्वारीच्या दाण्याएवढ्या भरपूर गाठी होत्या. ब्लेडने कापल्या तर आतून गुलाबी, डाळिंबाच्या दाण्यासारख्या. खालच्या रोपावर गाठी मोजक्या आणि आतून करड्या-हिरवट. तो गुलाबी रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातलं प्रथिन.

ते तिथं कशासाठी असतं? हवेत ७८ टक्के नत्र आहे, पण त्याचे दोन अणू तिहेरी बंधाने एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की पिकाला त्यातला कणही घेता येत नाही. सोयाबीनच्या गाठीतल्या ब्रॅडीरायझोबियम जिवाणूकडे तो बंध सोडवणारं एन्झाइम असतं, नायट्रोजनेज. एक रेणू फोडायला एटीपीचे, म्हणजे पेशीतल्या ऊर्जेच्या चलनाचे, १६ रेणू खर्ची पडतात आणि ती ऊर्जा पीक साखरेच्या रूपाने पुरवतं. अडचण अशी, की ऑक्सिजन लागला की नायट्रोजनेज निकामी होतं, आणि ऊर्जा तयार करायला त्याच जिवाणूला ऑक्सिजन लागतो. लेगहिमोग्लोबिन ऑक्सिजन धरून ठेवतं आणि लागेल तेवढाच सोडतं. मला शिकताना हे पहिल्यांदा कळलं तेव्हा रात्री झोप आली नव्हती. आजही गाठ कापताना हात जरा जपूनच चालतो.

आता खालच्या अंगाचं. नऊ दिवस मुळं पाण्यात, गाठींना हवा नाही, म्हणून तिथली भट्टी विझली. शिवाय मातीत आधीपासून असलेलं नायट्रेट, म्हणजे मुळांना घेता येणारं नत्र, तेही गेलं. थोडं पाण्याबरोबर खाली झिरपलं आणि बरंचसं विनत्रीकरण करणाऱ्या जिवाणूंनी वापरलं. नायट्रेटचं नायट्राइट, मग नायट्रिक ऑक्साइड, मग नायट्रस ऑक्साइड आणि शेवटी पुन्हा तोच नत्र वायू, जिथून गाठीने तो आणला होता.

आपल्याकडे यासाठी नेमका शब्द आहे, वाफसा. मातीच्या पोकळ्यांत पाणीही आहे आणि हवाही आहे, अशी अवस्था. मुठीत दाबली तर माती गोळा होते, हातातून सोडली तर फुटते. आजोबांनी तो पेरणीसाठी आणि औतासाठी वापरला. मला वाटतं नत्रासाठीही तोच शब्द पुरेसा आहे.

तुमच्याकडे काय चित्र आहे?

रानवाट
२४ जुलै, रात्री ११.०५

ताई, शेतीशी संबंध आता फक्त गच्चीवरच्या कुंड्यांपुरता, पण एका श्वासात वाचलं. जिवाणू नायट्रेट "वापरतात" म्हणजे खातात का? आणि वायू करून सोडून देण्यात त्यांचा काय फायदा?

काळी_आई
२५ जुलै, सकाळी ६.५०

खात नाहीत, श्वासासाठी वापरतात. अन्नातून ऊर्जा काढली की उरलेले इलेक्ट्रॉन कुणाकडे तरी सोपवावे लागतात. आपण ते ऑक्सिजनकडे सोपवतो. हे जिवाणूही हवा असेल तर ऑक्सिजनच घेतात, कारण त्यात मिळकत जास्त. पाणी भरून ऑक्सिजन संपला की नायट्रेट हा त्यांचा दुसरा पर्याय. स्यूडोमोनास, पॅराकोकस असे कितीतरी जण हे करतात आणि ते कुठल्याही रानात असतातच.

यातली शेवटची पायरी फार नाजूक आहे. नायट्रस ऑक्साइडचं नत्र करणारं एन्झाइम थोड्याशा ऑक्सिजननेही थांबतं. म्हणून माती अर्धवट ओली असते तेव्हा साखळी मध्येच तुटते आणि नायट्रस ऑक्साइड तसाच बाहेर पडतो. हा तोच वायू जो दवाखान्यात भूल देताना वापरतात. हवेत तो शंभराहून जास्त वर्षं टिकतो आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट उष्णता अडवतो. वर जाऊन ओझोनचा थरही विरळ करतो.

प्रयोगवही
२५ जुलै, सकाळी १०.२०

लेख आवडला, पण एक वाक्य दुरुस्त करायला हवं. युरिया "त्याच वाटेने" जाईल असं तुम्ही म्हणता. युरियापासून आधी अमोनियम होतं, ते युरिएज एन्झाइमचं काम. अमोनियमचं नायट्राइट नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू करतात आणि नायट्राइटचं नायट्रेट नायट्रोस्पिरा किंवा नायट्रोबॅक्टर. या दोन्ही पायऱ्यांना ऑक्सिजन लागतो. तुंबलेल्या रानात ऑक्सिजनच नाही, तर नायट्रेट बनणार कसं? आणि ते बनलंच नाही तर विनत्रीकरण कशाचं? भाताला उभ्या पाण्यात युरिया देतातच की.

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवतो. मुलं हे चक्र बाणांसकट पाठ करतात, पण कोणत्या बाणाला हवा लागते आणि कोणत्याला लागत नाही हे विचारलं की वर्ग गप्प होतो. म्हणून आग्रहाने लिहिलं.

काळी_आई
२५ जुलै, दुपारी १.१५

सर, तुमचं बरोबर आहे आणि माझं वाक्य घाईचं होतं. नीट मांडते. चिंब रानात फेकलेल्या युरियाचं अमोनियम होतं. आमच्या काळ्या रानाचा सामू (पीएच) ८ च्या वर, त्यामुळे वरच्या थरातला काही भाग अमोनिया होऊन उडतो. काही वाहत्या पाण्याबरोबर ओढ्याला जातो. मुळांनाच हवा नसल्यामुळे पीक फारसं उचलत नाही. उरलेलं अमोनियम रान सुकताना नायट्रेट होतं, आणि पुन्हा चार दिवस पाऊस लागला की ते विनत्रीकरणाच्या तोंडी जातं. एकाआड एक ओलं-सुकं होणाऱ्या रानात नायट्रेट बनवणाऱ्या आणि त्याचा वायू करणाऱ्या, अशा जिवाणूंच्या दोन्ही टोळ्या पाळीपाळीने काम करतात. भाताचं गणित वेगळं, ते कोकणातलं कुणी सांगितलं तर बरं.

चार_चूड
२५ जुलै, सायंकाळी ७.३०

सांगतो. चिपळूणजवळ आमची खाचरं आहेत. पूर्वी लावणीनंतर पाण्यातच युरिया फेकायचो. दोन दिवस भात गर्द हिरवं दिसायचं आणि मग पुन्हा फिकं. खाचरातल्या चिखलाचे दोन थर असतात हे मला उशिरा कळलं. वरचा अगदी पातळ, पाण्यातून थोडा ऑक्सिजन मिळतो म्हणून तांबूस. त्याखालचा सगळा करडा-निळसर, बिनहवेचा. फेकलेला युरिया वरच्या थरात अडकतो, तिथं त्याचं नायट्रेट होतं, ते खाली झिरपतं आणि बिनहवेच्या थरातले जिवाणू त्याचा वायू करतात. बोटभर उंचीत सगळं चक्र पुरं.

आता आम्ही चारसूत्री पद्धतीने लावतो. चार चुडांच्या (रोपांच्या जुडग्यांच्या) चौकोनात मधोमध युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची गोळी हाताने चिखलात खोल खोचायची. तिथं ऑक्सिजन नाही, म्हणून अमोनियम अमोनियमच राहतं, आणि भाताला तसं घेता येतं. मुळं त्या गोळीकडे वळलेली मी स्वतः उकरून पाहिली आहेत. कंबर मोडते हे खरं, वाकून वाकून. पण खत कमी लागतं आणि पाणी फुटलं तरी ते वाहून जात नाही.

प्रयोगवही
२५ जुलै, रात्री ९.००

वा! हे मी उद्याच वर्गात सांगणार. आमच्या पुस्तकात हवेतल्या नत्रापासून अमोनिया बनवायची हेबरची पद्धत आहे: १९०९ साली प्रयोगशाळेत जमलं, १९१३ मध्ये जर्मनीत ओपाऊला कारखाना सुरू झाला, चारशे-पाचशे अंश तापमान आणि दोनशेच्या घरात वातावरणदाब. जे करायला माणसाला एवढी भट्टी लागते ते गाठीतला जिवाणू मातीच्या तापमानाला करतो, हे सांगितलं की मुलांचे डोळे मोठे होतात. हेलरीगेल आणि विल्फार्थ यांनी गाठींचा आणि हवेतल्या नत्राचा संबंध दाखवला, आणि बायरिंकने १८८८ मध्ये गाठीतला जिवाणू वेगळा काढला.

काळी_आई
२५ जुलै, रात्री ९.४५

सर, त्याच काळातला सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विनोग्राडस्की मला जास्त जवळचा. नत्रीकरण करणारे, म्हणजे अमोनियाचं नायट्रेट करणारे, जिवाणू नेहमीच्या जिलेटिनच्या बशीत वाढतच नव्हते, कारण त्यांना सेंद्रिय अन्न नकोच असतं. अमोनिया जाळून मिळालेल्या ऊर्जेवर ते हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून स्वतःचं अंग बनवतात. त्याने सिलिकाच्या जेलवर त्यांना वाढवलं. एमएस्सीला असताना मी तीन वेळा हेच जिवाणू वाढवायचा प्रयत्न केला. ते इतके सावकाश वाढतात की तोवर दुसऱ्याच कुणीतरी बशी व्यापलेली असायची.

आणि सर, दोन पायऱ्या दोघांनीच करायच्या हा नियमही आता पक्का राहिला नाही. अमोनियाचं थेट नायट्रेटपर्यंत सगळं एकटी करणारी नायट्रोस्पिरा २०१५ मध्ये सापडली.

खोडवा
२६ जुलै, सकाळी ८.१०

ताई, मी कोल्हापूरकडचा, ऊसवाला. गेल्या साली सगळ्यांचं ऐकून पाचट (उसाचा वाळलेला पाला) जाळायचं बंद केलं. सरीत पसरून ठेवलं, थोडं मातीआड केलं. खोडवा (तोडणीनंतर बुडख्यातून येणारा ऊस) फुटला आणि दीड महिन्यात असा पिवळा पडला की घरातले म्हणाले, आता परत जाळ. पाणी तुंबलेलं नव्हतं. मग नत्र गेलं कुठं?

काळी_आई
२६ जुलै, दुपारी १२.३०

दादा, कुठंही गेलेलं नव्हतं, जिवाणू आणि बुरशींच्या अंगात होतं. पाचटात कार्बन भरपूर, नत्र फार थोडं. शंभरास एक किंवा त्याहूनही कमी. ते कुजवणाऱ्यांना मात्र स्वतःचं शरीर बांधायला नत्र बरंच लागतं. पाचटात मिळालं नाही की ते आजूबाजूच्या मातीतलं ओढून घेतात, आणि त्यांच्यापुढे उसाच्या मुळांचा टिकाव लागत नाही. काही महिन्यांनी कार्बन सरला की हे जीव मरतात आणि तेच नत्र हळूहळू मोकळं होतं. म्हणूनच टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवणारे जिवाणू पाचटावर टाकायला सांगतात. तो युरिया उसाला नसतो, कुजवणाऱ्यांना असतो. हिरव्या तागाला किंवा गिरिपुष्पाच्या पाल्याला ही अडचण येत नाही, त्यांच्यात नत्र भरपूर. कृपा करून परत जाळू नका. जाळलं की पाचटातलं नत्र त्याच दिवशी धुरातून जातं.

मांडवीकाठ
२६ जुलै, रात्री १०.१५

पणजीहून लिहिते. धागा मातीचा आहे, पण हे चक्र किनाऱ्यावर थांबत नाही. अरबी समुद्रात साधारण १५० ते १००० मीटर खोलीवर ऑक्सिजन जवळपास नसलेला प्रचंड थर आहे. तिथले जिवाणू तुमच्या खालच्या अंगाच्या रानासारखंच नायट्रेटवर जगतात. जगातल्या समुद्रांत अशा तीनच मोठ्या जागा, बाकीच्या दोन पूर्व प्रशांत महासागरात.

आणि हे खोल समुद्रापुरतं नाही. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत हे कमी ऑक्सिजनचं पाणी किनाऱ्याकडे वर सरकतं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोव्यासमोरच्या उथळ समुद्रातही तळाजवळ ऑक्सिजन संपतो. दोणा पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या वाजिह नक्वी आणि सहकाऱ्यांनी तिथं नायट्रस ऑक्साइडचं प्रमाण फार वाढलेलं मोजलं आणि २००० साली ते जगापुढे मांडलं. शेतातून वाहून आलेलं नत्रही या पाण्याला मिळतं. कोळीवाड्यातल्या जाणत्यांना त्या दिवसांतल्या पाण्याचा बदल मासळीवरून कळतो. तुमच्या ओढ्याला गेलेल्या युरियाबद्दल वाचलं आणि राहवलं नाही.

बेवड
२७ जुलै, सकाळी ७.००

बाकी सगळं मान्य. पण "सोयाबीन जमिनीत नत्र सोडून जातं" हे सगळे म्हणतात ते मला पटत नाही. आमच्याकडे वीस वर्षं सोयाबीनवर हरभरा, पुन्हा सोयाबीन. जमीन दरसाल हलकी होत चालली आहे. तुरीचा बेवड (आधीच्या पिकाचा जमिनीला होणारा फायदा) मात्र चांगला पडतो, हे वडील सांगायचे आणि मीही पाहिलंय.

काळी_आई
२७ जुलै, रात्री ८.३०

काका, तुमचा अनुभव हिशेबालाही टिकतो. सोयाबीनच्या दाण्यात साधारण ४० टक्के प्रथिन आणि प्रथिनात सुमारे १६ टक्के नत्र. म्हणजे एका क्विंटलमध्ये ६.४ किलो नत्र. एकरी ८ क्विंटल पिकलं तर ५१ किलो नत्र पोत्यांत भरून बाजारात गेलं. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ते २०.७ किलो असतं. म्हणजे जवळजवळ अडीच गोण्या. सोयाबीन आपल्या गरजेचं साधारण निम्मं ते साठ टक्के नत्र हवेतून घेतं, बाकीचं मातीतून. त्यात भुसकटही खळ्यावरून विकलं किंवा पेटवलं तर मातीचं देणंच वाढतं. गाठी पिकासाठी काम करतात, आणि आपण पिकाचा दाणाच नेतो.

तुरीचं वेगळं. ती पाच-सहा महिने उभी असते, पानं रानातच झडतात, मुळं खोलवरची. त्या पाल्यातलं नत्र मागे राहतं. त्यामुळे "डाळवर्गीय पीक घेतलं म्हणजे खत झालं" हे मीही आता म्हणत नाही. भुसकट परत रानात घाला एवढंच सांगते.

निशिगंध_०७
२८ जुलै, दुपारी ३.४०

जिवाणू संवर्धकाचं, म्हणजे गाठीतल्या जिवाणूंच्या पाकिटाचं, विचारायचं होतं. आम्ही दरवर्षी पाकीट आणून बियाण्याला चोळतो आणि फरक काहीच दिसत नाही. पैसे वाया घालवायचे की नाही?

काळी_आई
२८ जुलै, रात्री ९.१०

पाकिटातला माल जिवंत आहे हे आपण विसरतो. मी स्वतः एका दुकानात पत्र्याखाली, मे महिन्याच्या उन्हात ठेवलेली पाकिटं घेतली होती. त्या वर्षी गाठी मोजल्या आणि संवर्धक न लावलेल्या ओळींइतक्याच निघाल्या. तारीख बघा, थंड जागचं पाकीट मागा. त्या त्या पिकाचंच घ्या. हरभऱ्याचा जिवाणू वेगळा, सोयाबीनचा वेगळा, तर मूग-उडीद-चवळीचं एकमेकांत चालतं. १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम, थंड केलेल्या गुळाच्या पाण्यात. बुरशीनाशक लावायचं असेल तर आधी ते, आणि पेरायच्या वेळी सगळ्यात शेवटी जिवाणू. सावलीत सुकवा आणि लगेच पेरा.

जिथं वर्षानुवर्षं सोयाबीन आहे तिथं मातीत ते जिवाणू आधीच वस्तीला असतात, म्हणून फरक दिसत नाही. सोयाबीन पहिल्यांदाच घेत असाल तर मात्र चुकवू नका. आणि पेरताना नत्र जास्त दिलं तर पीक गाठी बांधतच नाही. आयतं मिळत असताना साखर कशाला खर्चेल?

रानवाट
२९ जुलै, रात्री १०.००

अजून एक शंका. आजोबा म्हणायचे, विजेचा पाऊस पिकाला मानवतो. विजेमुळे हवेतलं नत्र खाली येतं म्हणतात, ते खरं का?

काळी_आई
३० जुलै, सकाळी ६.३०

येतं, पण जिवाणू जेवढं आणतात त्याच्या काही टक्केच. आजोबांचं निरीक्षण मात्र मला खरं वाटतं, फक्त कारण जमिनीत आहे. विजा कडाडतात त्या वळवाच्या पावसात. उन्हाळाभर तापून कोरडी झालेली माती पहिल्यांदा भिजली की मेलेल्या जिवांचं अन्न उरलेल्यांना मिळतं, त्यांची एकदम धांदल उडते आणि दोन-चार दिवसांत बरंच नत्र मोकळं होतं. केनियात काम करणाऱ्या बर्च नावाच्या मृदाशास्त्रज्ञाने १९५८ मध्ये हे मांडलं आणि परिणामाला त्याचं नाव पडलं. त्या पावसाचा वासही स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूंनी बनवलेल्या जिओस्मिन या द्रव्याचाच.

काळी_आई
३१ जुलै, रात्री ९.२०

खबर देते. खालच्या अंगाला चर काढून पाणी ओढ्याकडे वळवलं. चौथ्या दिवशी वाफसा आला. पाचव्या दिवशी कोळपणी केली, म्हणजे मातीत हवा शिरली. युरिया टाकला नाही. आज बघितलं तर दोन एकरांतला दीडेक एकर हिरवा व्हायला लागलाय. नवीन मुळांवर बारीक गाठी दिसतात, कापण्याइतक्या मोठ्या नाहीत अजून.

उरलेला अर्धा एकर, चुनखडीचा कोपरा, पिवळाच आहे. पण तिथं शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या. नत्र कमी पडलं तर आधी जुनी, खालची पानं पिवळी होतात, म्हणून हे लोह कमी पडल्याचं. तिथं हिराकसाची (फेरस सल्फेटची) अर्धा टक्क्याची फवारणी केली. अण्णांनी स्वतः पंप घेतला. त्यांना सांगितलं की ही फवारणी लागू पडली नाही तर माझं निदान चुकलं असं समजा. ते म्हणाले, "आधी रोप उकरून दाखव."

खोडवा
४ ऑगस्ट, सायंकाळी ६.१५

ताई, आमच्या बांधाकडच्या तुकड्यात थोडं सोयाबीन आहे. तुम्ही सांगितलं तसं ढेकळासकट काढलं. पोरगी मोजायला बसली होती. ३१ गाठी. दहा कापल्या, सात गुलाबी, दोन पांढऱ्या, एक हिरवट. पांढऱ्याचा अर्थ काय?

काळी_आई
४ ऑगस्ट, रात्री ८.००

पांढरी म्हणजे कोवळी, किंवा आत शिरलेला जिवाणू कामाचा नाही. पंधरा दिवसांनी त्याच ओळीतलं दुसरं रोप काढा. तेव्हाही पांढऱ्याच निघाल्या तर पुढच्या पेरणीला ताजं संवर्धक लावा. आणि मुलीला सांगा, वहीत तारखेसकट लिहून ठेव.